शीग, शेर आणि पाकीट : जुन्नर-आंबेगावच्या बाजारातील मापाचा इतिहास

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार हे खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध. चिप्सच्या कंपन्यांसाठी करारावर बटाटा पिकवणारे शेतकरीही याच पठारावर आहेत. तो बटाटा पाकिटात बंद होऊन पुणे-नाशिक महामार्गावरील मार्टमध्ये येतो, तेव्हा दहा रुपयांचे पाकीट वर्षानुवर्षे दहा रुपयांनाच मिळते. कमी होत जाते ते आतले वजन.

भाव स्थिर ठेवून माप हलवण्याची ही युक्ती सुपरमार्केटने शोधलेली नाही. जुन्नर-आंबेगाव परिसराच्या बाजाराचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : भाव उघड झाला की चलाखी मापात शिरते. हा थ्रेड त्या मापाविषयी.

सातवाहनकाळात कोकणातील बंदरांवरून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरा सांगते. जुन्नरच्या डोंगरांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. धान्य विकणारे संघटित होते आणि डोंगर कोरून घेण्याइतके संपन्नही होते. धान्य विकत घेणाऱ्यांनी मात्र कोठेही लेख कोरून ठेवलेला नाही.

या काळात व्यवहार उघड ठेवण्याची रीत होती, हेही नोंदवायला हवे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरला आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा 1 दराने आणि दुसरीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवल्याचे नमूद आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि नोंदवला गेला, असेही तो लेख सांगतो. व्याजाचा दर दगडावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर.

धान्याच्या मापाचे तसे नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रात धान्याची मापे वाळलेल्या, टणक लाकडाची असावीत असे सांगताना मापाच्या वर येणाऱ्या ढिगाचा स्वतंत्र विचार केला आहे. त्याला तेथे ‘शिखा’ म्हटले असून ती चौथाई धरली आहे. वजने-मापे दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा, अशीही तरतूद आहे. मोठ्या मापाने घेणारा आणि लहान मापाने देणारा व्यापारी तर त्या ग्रंथात दुप्पट दंडास पात्र ठरतो. या नियमांची अंमलबजावणी जुन्नरच्या पेठेत होत होती असा दावा करता येत नाही. पण ज्या लबाडीसाठी दंड लिहावा लागतो ती लबाडी बाजारात असते, एवढे अनुमान रास्त आहे.

मराठीत या शिखेला ‘शीग’ म्हणतात. दोन्ही शब्दांतले साम्य कानाला लगेच जाणवते. धान्य मोजण्याची जुनी उतरंड अशी : 2 निळव्यांचे 1 कोळवे, 2 कोळव्यांचे 1 चिपटे, 2 चिपट्यांचे 1 मापटे, 2 मापट्यांचा 1 शेर आणि 4 शेरांची 1 पायली. त्यापुढे मात्र एकवाक्यता संपते. कोठे 12 पायल्यांचा मण, कोठे 16 पायल्यांचा. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेलेल्या शेतकऱ्याला ‘मणाचा भाव’ कळून काहीच कळलेले नसे.

शिगेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शीग मापाच्या चौथाई इतकी धरली, तर शिगेने घेतलेले 16 पायल्या धान्य सपाट मापाने मोजल्यावर 20 पायल्या भरते. सुगीत शेतकऱ्याकडून शीग लावून घ्यायचे आणि पावसाळ्यात त्यालाच काठ सपाट करून द्यायचे, एवढ्यानेच 4 पायल्या सुटतात. भावाला हात लावावा लागत नाही. शिवाय पसरट तोंडाच्या मापावर शीग मोठी बसते, निमुळत्या तोंडाच्या मापावर लहान. दाबून भरलेले माप आणि वरून सैल ओतलेले माप यांतही फरक पडतो. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. तो शुभशकुन होता हे खरे, पण लाभ कोणाचा हे पाहण्यासाठी घरातली जाणती बाई मापाच्या काठाकडे डोळे लावून बसे. आजच्या भाषेत चोखंदळ ग्राहक तो हाच.

कधी भावही झाकला जाई. महाराष्ट्रातील व्यापारी आणि दलाल आकड्यांसाठी ‘नंदभाषा’ वापरत. त्यात 3 म्हणजे उधानू, 5 म्हणजे मुळू आणि 10 म्हणजे अंगळू. समोर उभ्या गिऱ्हाइकाला शब्द ऐकू येत, आकडा कळत नसे. ‘हत्ता’ पद्धतीत तर शब्दही नसे. रुमालाखाली दोन दलालांची बोटे एकमेकांना भिडत आणि सौदा ठरे. ज्याचा माल विकला जाई तो शेतकरी शेजारीच उभा असे. भाव ठरवणे ही राज्यकर्त्यांचीही बाब होती. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत बाजारभावावर देखरेख येत असे आणि त्या भावाला ‘निरख’ म्हणत.

एकोणिसाव्या शतकात माप धान्याच्या राशीवरून कागदावर आले. धान्याचे कर्ज सवाईने किंवा दिढीने फेडावे लागे, म्हणजे 4 पायल्यांच्या बदली 5 किंवा 6. घेताना कोणते माप आणि फेडताना कोणते, हा प्रश्न त्यावर पुन्हा वेगळा. जुन्नर हातकागदासाठी नावाजलेले गाव होते आणि जुन्नरी कागद दप्तरांत वापरला जाई. पण त्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येणारे गावात मोजकेच. 12 मे 1875 रोजी सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे खत-रोखे जाळले, ते याच असहायतेतून. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सावकारावर पावती आणि हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन घातले.

स्वातंत्र्यानंतर दोन मोठे बदल लागोपाठ झाले. 1 एप्रिल 1957 रोजी नये पैसे आले. सरकारी कोष्टकानुसार 1 आण्याचे 6 नये पैसे, 2 आण्यांचे 12, 3 आण्यांचे 19 आणि 4 आण्यांचे 25. म्हणजे एकेक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर 18 नये पैसे आणि तीच एकदम घेतली तर 19. एका पैशाची ही गंमत त्या काळच्या गृहिणींनी हेरली नसेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरा बदल अधिक खोल होता. 1956 च्या वजन-माप कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ती सक्तीची झाली. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. किलोचा भाव सांगून तराजूत जुना शेर टाकला, तर दर किलोमागे 67 ग्रॅम कमी. पण या बदलाचा मोठा लाभही झाला. धान्य मापाने नव्हे तर वजनाने विकले जाऊ लागले, आणि वजनाला शीग नसते.

1963 च्या राज्य कायद्यानुसार बाजार समित्यांमध्ये भाव उघड पद्धतीने ठरू लागला आणि रुमालाखालचा सौदा बेकायदा झाला. आज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात 20 किलोच्या क्रेटचा भाव सर्वांना ऐकू येतो. जुलै 2023 मध्ये देशभर टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा महाराष्ट्रातून इतर राज्यांना होणाऱ्या पुरवठ्याबाबत केंद्र सरकारने नारायणगावचे नाव घेतले होते. मात्र भाव उघड झाल्यावर शेतमालाच्या बाजारात तक्रारी राहिल्या त्या ‘कडत्या’च्या, म्हणजे वजनातून परस्पर वजावट करण्याच्या. तीही कायद्याला मान्य नाही.

किरकोळ ग्राहकाच्या बाजूने संघटित विचार पुण्यातही सुरू झाला. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांचे गट करायचे, एकत्र मागणी नोंदवायची, घाऊक खरेदी करायची आणि माल वाटून घ्यायचा, ही तिची रीत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीला ग्राहकांच्या श्रेणीने उत्तर द्यायला सुमारे अठराशे वर्षे लागली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

1977 च्या नियमांनी पाकिटावर वजन व किंमत छापणे आवश्यक केले. तरी किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे लिहिण्याची मुभा होती. ती 1990 मध्ये गेली आणि सर्व करांसह कमाल किंमत, म्हणजे आजची एमआरपी, सक्तीची झाली. ही किंमत किती असावी हे बहुतेक वस्तूंबाबत उत्पादकच ठरवतो. त्यामुळे आधी एमआरपी चढी ठेवायची आणि मग तिच्यावर ‘30 टक्के सूट’ द्यायची, हा मार्ग मोकळा राहिला.

वाण्याच्या दुकानात यादी घरून जाई आणि वाणी माल काढून देई. अमेरिकेत मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 1916 मध्ये ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा दुकान काढले आणि गिऱ्हाइकाला फळ्यांमधून फिरायला लावले. तेव्हापासून मांडणीच विक्रेता झाली. डोळ्यांच्या उंचीवर कोणता माल ठेवायचा, साखर-तेल किती आत ठेवायचे, हे सारे त्यातून आले. मंचर, नारायणगाव किंवा आळेफाटा येथील मार्टमध्ये याहून वेगळे काही घडत नाही.

या सगळ्यात 2021 ची दुरुस्ती फारशी चर्चेत आली नाही. चहा, बिस्किटे, पीठ अशा अनेक वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन तिने काढून टाकले. त्यामुळे 100 ग्रॅमच्या जागी 87 ग्रॅम भरण्यास आडकाठी राहिली नाही. त्याबदल्यात पाकिटावर एकक-किंमत छापणे सक्तीचे झाले. किलोपेक्षा कमी वजन असेल तर प्रतिग्रॅम, अधिक असेल तर प्रतिकिलो. म्हणून 900 ग्रॅमच्या पाकिटावर ‘₹0.20 प्रतिग्रॅम’ आणि त्याच मालाच्या 2 किलोच्या ‘फॅमिली पॅक’वर ‘₹210 प्रतिकिलो’ असे छापलेले असू शकते. पहिल्या आकड्याला 1000 ने गुणले की किलोला 200 रुपये येतात, आणि मोठे पाकीट किलोमागे 10 रुपयांनी महाग असल्याचे दिसते. हा आकडा बहुधा पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो.