हॉब्सनव्हिलची चिकणमाती आणि हिरवळीखालचं पाणी

तरणतलाव असलेलं घर ऑकलंडमध्ये घेतलं असेल, तर तलावाभोवतीच्या गवताचं जुलैत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखल होतो, मुलं तोच पायाने पाण्यात नेतात, आणि उन्हाळ्यात गवत कोण कापणार यावरून घरात वाद असतोच. मग कोणीतरी कृत्रिम हिरवळीचा नमुना आणतं, तो हाताला मऊ लागतो आणि बेत पक्का होतो. पैसे भरण्याआधी तुम्हाला जरा १८५४ सालात नेतो.

त्या वर्षी राइस ओवेन क्लार्क नावाचा इंग्रज वाइटेमाटा बंदराच्या वरच्या अंगाला, आजच्या हॉब्सनव्हिलमध्ये, लाइमबर्नर्स बेपाशी जमीन घेऊन राहिला. जमीन चिकणमातीची आणि पाण्याने तुंबलेली. आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, इथे वाफसाच येत नाही. क्लार्कने उपाय त्याच मातीत शोधला. लाकडाच्या ओंडक्याभोवती माती थापून त्याने नळ्या केल्या, भाजल्या आणि निचऱ्यासाठी शेतात पुरल्या. शेजाऱ्यांनीही मागितल्या, आणि शेती बाजूला राहून नळ्यांचाच धंदा उभा राहिला. पुढच्या पिढ्यांनी तो न्यू लिनला नेला. त्याच घराण्यातल्या टॉम क्लार्कने तिथे क्राउन लिनची कपबशी घडवली. तो कारखाना १९८९ मध्ये बंद झाला, पण जुन्या किवी घरांच्या कपाटात त्या बश्या अजून सापडतात.

कल्पना अर्थात क्लार्कची एकट्याची नव्हती. इंग्लंडमध्ये त्याआधी विटा-कौलांवर कर होता, आणि १८२६ पासून निचऱ्याच्या खापऱ्यांना त्यातून सूट होती. अट एकच: ओल्या मातीवर ‘ड्रेन’ हा शब्द ठसवलेला हवा. सरकारने चिखलाला दिलेली इतकी नेमकी मान्यता मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही.

ही माती अशी का? ऑकलंडच्या बऱ्याच भागाखाली सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेले वालुकाश्म आणि पंकाश्माचे थर आहेत. ते झिजून वर चिकणमाती झाली. तिचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक, त्यामुळे पाणी आत शिरतं हळू आणि निघतं त्याहून हळू. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती वैशाखात कशी भेगाळते ते आठवा. जात वेगळी, खोड तीच. इथलं घरबांधणीचं मानक, एनझेडएस ३६०४, फार फुगणाऱ्या मातीला ‘चांगली जमीन’ मानतच नाही.

आता हिरवळीकडे वळू. अमेरिकेतल्या मॉन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत १९६४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या एका शाळेत पहिल्यांदा अंथरलं गेलं, पण त्याचं नाव झालं १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये. म्हणजे छताखाली, जिथे पाऊस पडतच नाही! उघड्यावरच्या मैदानांना पाऊस होताच, आणि हॉकीत तर गवतावर मुद्दाम पाणी मारतात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा गवतावर झाली. आदल्या वर्षीचा विश्वविजेता भारत सातवा आला आणि सुवर्णपदक न्यूझीलंडने नेलं. त्या संघात रमेश पटेल आणि मोहन पटेल होते. आपल्याकडे अजून त्या गवताला बोल लावतात. असल्या मैदानाची खरी कारागिरी मात्र गवताखालच्या थरांत असते, आणि घरी हिरवळ टाकताना पैसे वाचवायला हात पहिला तिथेच जातो.

चिकणमातीवर थेट अंथरलेली हिरवळ पहिल्या हिवाळ्यात स्पंजासारखी होते. काम नीट करायचं तर आधी वरची माती साधारण १०० मिलिमीटर काढावी आणि तळाला तलावापासून दूर जाणारा उतार द्यावा. मग जिओटेक्स्टाइलचं कापड. ते नसेल तर खडी हळूहळू मातीत रुतते. सखल बाजूला चर खणून त्यात छिद्रांचा पाइप. क्लार्कची नळीच ही, आता प्लास्टिकची. त्यावर खडी थराथराने दाबून, वर बारीक कच आणि शेवटी गवत. तलावाच्या कडेला गवत चिकटवा. भिंतीजवळ खिळे ठोकू नका.

हा पाइप तलावासाठीही हवा. चिकणमातीत अडकलेलं पाणी फायबरग्लासच्या तलावाला खालून दाबतं. सफाईसाठी तो रिकामा केलात तर होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. फिल्टर धुतलेलं क्लोरीनचं पाणी मात्र या पाइपात सोडू नका. ते सांडपाण्याच्या गटारातच जायला हवं, पावसाच्या नाल्यात नाही.

कुंपणाचंही पाहा. तलावाला कुंपण हवं हा कायदा इथे १९८७ चा. २०१७ पासून त्याचे नियम इमारत कायद्यात आले आणि दर तीन वर्षांनी तपासणी होते. कुंपणाची किमान उंची १.२ मीटर, आणि ती बाहेरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजतात. जुन्या जमिनीवरच १०० मिलिमीटर खडी चढवून हिरवळ कुंपणाबाहेर नेलीत, तर कुंपण तेवढंच बुटकं झालं. आतल्या मुलांच्या पायांचा विचार करताना बाहेरचं दोन वर्षांचं पोर विसरलं जातं.

इतकं करूनही भर उन्हात हे गवत अनवाणी पायांना चटके देतं. मला विचाराल तर तलावाच्या कडेने मीटरभर फरशीच ठेवा.

तुमचं कोणी शिरोळकडे असेल तर त्यांच्याशी बोला. उसाला पाणी पाजून क्षारपड झालेल्या तिथल्या जमिनी सुधारायला शेतकरी हेच छिद्रांचे पाइप पुरतात. ते तुम्हाला गवताचा रंग विचारणार नाहीत. पाइपचं दुसरं तोंड कुठे उघडतंय, एवढंच विचारतील.