शहाजीराजपुरातील ऊस आणि युरिया

कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरला मी गेलो तो इतिहासाच्या ओढीने. तंजावरच्या शहाजीराजांनी हे गाव सन 1693 मध्ये 46 विद्वानांना दिले. त्यावरून ते शहाजीराजपुरम झाले. (परराज्यात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला असा दुवा फार धीर देतो.) परंतु लक्ष वेधले ते उसाच्या बांधावरील युरियाच्या पोत्यांनी. नीरा कालव्यावरील माझ्या आजोळी उसाला पूर्वी पेंड आणि अमोनियम सल्फेट घालीत.

स्वतंत्र भारताने सिंद्री येथे 1951 मध्ये जे खत काढले, तेही सल्फेटच. त्यात नत्र 20.6 टक्के, युरियात 46. महाराष्ट्रात आडसाली उसास हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे युरिया सुमारे 870 किलो, सल्फेट 1,940. वाहतुकीचा हिशेब युरियाच्या बाजूचा, हे मान्य. पण सल्फेटातून 24 टक्के गंधकही मिळते, आणि ओल्या जमिनीवर उघडा पसरलेला युरिया अमोनिया होऊन बराचसा हवेत जातो.

पुढचा निवाडा शेतीशास्त्राने नव्हे, फायलींनी केला. 1992 मध्ये स्फुरद-पालाशाची खते आणि 1994 मध्ये सल्फेट नियंत्रणमुक्त झाले. युरियाची किंमत मात्र सरकारने आपल्या हाती ठेवली. 2010 च्या पोषणमूल्याधारित अनुदानातूनही तो वगळला गेला. अशा टिपणांवर माझ्याही सह्या आहेत. त्यांत ‘शेतकऱ्यांची पसंती’ हे शब्द मीच लिहिले होते.

बांधावरच्या वृद्धास मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, युरियाच का? त्याने दोन्ही खतांचे भाव सांगितले आणि पोते उचलून तो पाटाकडे वळला.