पशुवैद्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी : ब्रिटिश कायद्यातील एक विकासक्रम

व्यावसायिकाच्या वर्तनाचा न्याय त्याच्या व्यवसायबंधूंनीच करावा काय, हा प्रश्न वैद्यक व वकिली यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. पशुवैद्यकात त्याला विशेष धार येते. येथे रुग्ण मुका. तक्रार करणारा त्याचा मालक. आणि उपचार योग्य होता की नाही हे सांगू शकणारा बहुधा दुसरा पशुवैद्यच असतो. ब्रिटिश कायद्याने ही अडचण टप्प्याटप्प्याने कशी हाताळली, याचा मागोवा प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे.

लंडन येथे १७९१ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. परंतु व्यवसायाला संघटित रूप आले ते १८४४ च्या राजसनदेने स्थापन झालेल्या 'रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स' या संस्थेमुळे. १८८१ च्या कायद्याने 'व्हेटरिनरी सर्जन' ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखून ठेवली. त्याच कायद्याने, व्यवसायाच्या दृष्टीने लांच्छनास्पद वर्तन करणाऱ्याचे नाव नोंदपटावरून काढण्याची तरतूद केली. १८५८ च्या वैद्यक कायद्यातील तरतुदीशी तिचे साम्य उघड आहे. या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. निर्णय देणारे कौन्सिल हे सभासदांनीच निवडलेले होते. आणि नाव काढले तरी त्या मनुष्याची उपाधी तेवढी जाई, कारण नोंदणीवाचून जनावरांवर उपचार करण्यास सर्वसाधारण बंदीच नव्हती. ती बंदी १९४८ च्या कायद्याने आली, आणि तेव्हापासून नोंदपटावरून नाव जाणे म्हणजे उपजीविका जाणे, असा अर्थ झाला.

शिक्षा इतकी कठोर झाल्यावर चौकशीची पद्धतीही काटेकोर असणे प्राप्तच होते. १९६६ च्या कायद्याने दोन समित्यांची रचना केली. प्राथमिक चौकशी समितीने आरोपाची छाननी करून प्रकरण पुढे पाठवावे की नाही हे ठरवावयाचे, आणि शिस्तपालन समितीने सुनावणी करून निर्णय द्यावयाचा. एका प्रकरणात पहिल्या समितीत काम केलेल्या व्यक्तीस त्याच प्रकरणात दुसरीत बसता येत नाही. कायद्याच्या प्रश्नांवर सल्ला देण्यास विधिज्ञ असतो. कारवाईची कारणे तीन : व्यवसायास अपात्र ठरविणारी गुन्हेगारी शिक्षा, व्यवसायविषयक लांच्छनास्पद वर्तन, आणि कपटाने मिळविलेली नोंदणी. निर्णयाविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करता येते. ज्याचे नाव काढले गेले, त्याला दहा महिने लोटल्यावर पुनर्नोंदणीसाठी अर्ज करण्याची मुभा आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. निदान चुकले, शस्त्रक्रिया फसली, म्हणजे लांच्छनास्पद वर्तन घडलेच असे नव्हे. या समितीला दंड करण्याचा वा नुकसानभरपाई देवविण्याचा अधिकार नाही. त्यासाठी मालकास दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. समितीपुढील प्रश्न एवढाच, की या मनुष्याचे नाव नोंदपटावर राहावे काय. आपले जनावर गमावलेल्या मालकाला हे उत्तर अपुरे वाटते, आणि त्याची निराशा समजण्याजोगी आहे.

तरीही १८८१ मधील पहिली उणीव १९६६ नंतर पुरती गेली नव्हती. समित्या वेगळ्या झाल्या, पण त्यांचे सदस्य कौन्सिलमधूनच येत. वर्तनाचे नियम घालून देणारे, आरोपाची छाननी करणारे आणि निवाडा देणारे एकाच मंडळातील राहिले. २०१३ च्या सुधारणेने हे नाते तोडले : दोन्ही समित्यांत कौन्सिलबाहेरील सदस्य नेमण्याची आणि व्यवसायाबाहेरील नागरिकांना त्यांत स्थान देण्याची तरतूद झाली.

आपल्याकडे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीची देशव्यापी चौकट घातली, आणि १९९२ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे विनियम झाले. या चौकटीचा अभ्यास करणाऱ्याने नियमांच्या शब्दांपाशीच थांबू नये. आरोप कोण तपासतो, निवाडा कोण देतो, आणि त्या दोघांची नेमणूक कोणाच्या हाती आहे, हे त्याने आधी पाहावे. ब्रिटनमध्ये लांच्छनास्पद वर्तनाची कसोटी १८८१ पासून फारशी बदलली नाही. ती लावणारे हात मात्र बदलण्यास एकशे बत्तीस वर्षे लागली.