सीएडीएसएस : केटामाइन उपचारातील विलगतेची मापनश्रेणी

नैराश्यावर केटामाइन दिले की काही वेळ रुग्णाला आपण स्वतःच्या शरीरापासून, भोवतालापासून किंवा काळाच्या ओघापासून सुटे झाल्यासारखे वाटते. या अवस्थेला विलगता किंवा डिसोसिएशन म्हणतात. ती मोजण्यासाठी औषधचाचण्यांत सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे ‘क्लिनिशियन-ॲडमिनिस्टर्ड डिसोसिएटिव्ह स्टेट्स स्केल’, संक्षेपाने सीएडीएसएस.

तिचा उगम केटामाइनशी संबंधित नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जे. डग्लस ब्रेमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मानसिक आघाताने ग्रासलेल्या रुग्णांसाठी रचली व १९९८ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. मूळ रूपात २७ बाबी होत्या : १९ रुग्णाला विचारायच्या, ८ निरीक्षकाने पाहून नोंदवायच्या. विलगतेच्या इतर प्रश्नावल्या आयुष्यभराची सवय विचारतात. ही मात्र ‘आत्ता, या घडीला’ काय होते आहे ते विचारते. शिरेतून सुमारे ४० मिनिटे चालणाऱ्या औषधासाठी ती सोयीची ठरली ती यामुळेच. पुढे केवळ रुग्णाच्या उत्तरांवर चालणारे २३ प्रश्नांचे रूप रुळले. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ९२. वस्तू संथ हलताना दिसतात का, शरीर नेहमीपेक्षा मोठे किंवा लहान भासते का, घडते ते बाहेरून पाहत असल्यासारखे वाटते का, मधल्या काही क्षणांची आठवणच नाही असे होते का, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात.

एस्केटामाइन या नाकातून घ्यायच्या केटामाइनवर्गीय औषधाच्या चाचण्यांत ४ पेक्षा अधिक गुण म्हणजे विलगता, असे धरले गेले. गुण साधारण ४० मिनिटांच्या सुमारास शिखर गाठतात व बहुधा दीड तासात ओसरतात. मात्र ४ ही रेषा सोयीसाठी आखलेली आहे. ती ओलांडणारा रुग्ण घाबरलेला असेल किंवा मजेत तरंगतही असेल; आकडा दोघांचा सारखाच. याउलट रुग्णांच्या मुलाखतींत शांततेची जाणीव, संकोच गळून पडणे यांसारखे जे अनुभव आले, त्यांना प्रश्नावलीत जागाच नाही. आघातग्रस्तांसाठी कापलेले हे माप केटामाइनला काही ठिकाणी घट्ट तर काही ठिकाणी सैल बसते. ही उणीव भरण्यासाठी केटामाइनच्या दुष्परिणामांपुरती वेगळी साधनेही ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तयार केली आहेत.

विलगता जितकी अधिक तितका नैराश्यात आराम अधिक, हे म्हणणे २०१४ मधील एका विश्लेषणानंतर बरेच गाजले. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध सातत्याने आढळलेला नाही. आणखी एक अडचण अशी, की विलगता जाणवली की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्ण ओळखतो आणि चाचणीतील गुप्तता संपते. म्हणून काही चाचण्यांत सलाइनऐवजी झोप आणणारे मिडाझोलॅम तुलनेसाठी वापरले गेले.

प्रत्यक्ष उपचारात एकटा आकडा पुरत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एस्केटामाइनला मान्यता देताना रक्तदाब, गुंगी व विलगता यांसाठी किमान दोन तास देखरेख बंधनकारक झाली. गुण शून्यावर आले तरी रुग्णाने त्या दिवशी वाहन चालवायचे नाही. रात्रीची शांत झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशीच त्याला परवानगी असते.