‘बसा’ म्हणणारी दुकाने

कल्याणला गिऱ्हाईक नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्या पुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. पूर्वी ही रीतसर पेठ होती, पण राजवट बदलल्यावर इथे येऊन लागणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. ठाण्याचे नाव मार्को पोलोच्या वृत्तांतात आहे. दारात आलेल्या माणसाला बसवून घ्यायचे की पहाऱ्यात परत धाडायचे, हा प्रश्न आमच्या बाजारपेठेपुढे दोन हजार वर्षांपासून आहे. आम्हाला आठवते ती पेठ त्या मानाने कालची, १९६० नंतरची. पण प्रश्न तोच होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. खाडीकाठच्या या गावांचे तोंड तेव्हापासून स्टेशनकडे वळले. तरी जुना बाजार जागचा हलला नाही. ठाण्यात जांभळी नाका आणि मासुंदा तलावाचा परिसर, कल्याणात दूध नाका, पारनाका, टिळक चौक ही खरेदीची ठिकाणे. आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे बोट धरून आम्ही बाजारात जात असू.

कापडाच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी आणि तिच्यावर लोड. चपला खाली काढायच्या आणि वर चढायचे. शेठ मान वर करून म्हणायचे, “या मास्तर, बसा.” आधी ‘बसा’, मग घरच्यांची खुशाली, मुलांचा अभ्यास, पावसापाण्याच्या गोष्टी, आणि मग कुठे ‘काय दाखवू?’ वडिलांना दोन वार मांजरपाट हवा असे. त्यासाठी दहा ठाणे उलगडली जात आणि कपाळावर आठी न आणता पुन्हा घडी घालून ठेवली जात. किमतीची घासाघीस होई, पण तीही एखाद्या खेळासारखी. दोन्ही बाजूंना शेवट ठाऊक असे.

किराणावाल्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही होती. तिच्यात आमच्या घराचे एक पान होते. पगार लांबला की त्या पानावरच आमचा महिना निघे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर जाऊन किलो आला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे आणि एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे गणित म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात कधी बसलेच नाही. आमची दादी पुढे कित्येक वर्षे शेराच्याच भाषेत मागे आणि दुकानदार न हसता तिच्या हिशोबाने किलोचा माल देई. गिऱ्हाइकाला अडाणी न ठरवणे हीही दुकानदारीची एक रीत होती.

या बाजारात आमच्या लोकांच्या वाट्याचे धंदे ठरलेले होते. अत्तार, मनियार, तांबोळी, बागवान ही महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पेठांची जुनी नावे. अत्तराच्या जोडीने उदबत्ती, अबीर-बुक्का आणि कुंकू विकणारा अत्तार मुसलमान असे आणि त्याच्याकडचे कुंकू हिंदू घरांच्या देव्हाऱ्यात जाई. सणासुदीला मनियार घरोघर जाऊन लेकीसुनांच्या हातात बांगड्या भरी. बाईच्या मनगटाला हात लावण्याची मुभा असलेला हा परका पुरुष. त्याने मान खाली ठेवून ती सांभाळली. लोखंडी सामान, रंग, काच घ्यायची तर बोहऱ्याचे दुकान. भाव एकच आणि बोलणे गोड. एखादी वस्तू नसली, तर ती कोणत्या दुकानात मिळेल हे तो स्वतः सांगे.

इथवर लिहून थांबलो, तर वाचकांना वाटेल की तो काळ मोठा सोन्याचा होता. तसे म्हणणे खोटे ठरेल. जे दुकान तुमचे नाव ओळखते, ते तुमची जातही ओळखते. ‘बसा’ हा शब्द सगळ्यांसाठी नव्हता. काही गिऱ्हाइके पायरीखाली उभी राहत, त्यांचा माल वरून हातात टाकला जाई आणि त्यांचे पैसे फळीवर ठेवून घेतले जात. हे आम्ही लहानपणी पाहिले आणि तेव्हा त्यात काही वावगे आहे असे आम्हालाही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्यासाठीही काही हॉटेलांत कानतुटका कप निराळा असे. वडील तो मुकाट्याने हातात घेत. आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “चहा तोच आहे ना?” त्यांच्या आवाजातला बदल मात्र आम्हाला कळला होता.

महाराष्ट्रात चहाच्या पेल्याने मोठमोठ्यांना हलवले आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींसमोर चहा आला, त्यांची नावे छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. रेल्वे स्टेशनांवर स्वातंत्र्याच्या काळापर्यंत ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या हाका होत्या. गाडी एक, डबा एक, तहान एक आणि पाणी दोन. दलितांची कपबशी हॉटेलाबाहेर वेगळी ठेवली जाई आणि ती त्यांची त्यांनाच विसळावी लागे. दलित आत्मकथनांची पाने याची साक्ष देतात. म्हणूनच २६ जानेवारी १९५० ला लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात आहे. घटनाकारांनी चहाच्या दुकानाची दखल घेतली, कारण माणसाचा अपमान न्यायालयापेक्षा चहाच्या दुकानात जास्त वेळा होतो हे त्यांना माहीत होते.

या पार्श्वभूमीवर स्टेशनजवळच्या इराण्याचे मोठेपण कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमान या भागांतून आलेले हे लोक. त्यांत झरतुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. मुंबईच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर त्यांनी हॉटेले थाटली. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानखटाई, गल्ल्यावर जाडजूड मालक. बनमस्का आणि पानीकम चहा मागवून एकच वर्तमानपत्र चार जणांनी वाटून वाचायचे. तिथे ‘या, बसा’ असे कोणी म्हणत नसे. मालक वर पाहायचाही नाही. पण तुमचे नाव काय, गाव कोणते, हे तो विचारत नसे. सगळ्यांना एकच कप होता. हमाल, कारकून, वकील आणि आमचे वडील एकाच टेबलावर बसत.

उलट त्याच्या भिंतीवर सूचनांच्या पाट्या असत. हे करू नका, ते करू नका. ठाण्यात ज्या समाजाचे १८७९ पासूनचे सिनेगॉग आहे, त्या बेने इस्रायल समाजातले इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी मुंबईच्या धोबीतलावावरच्या बस्तानी या इराण्याच्या पाटीवरून एक कविता लिहिली. त्या पाट्यांना लोक हसत. आम्हाला मात्र वाटते, सगळ्यांना सारखे दटावणे हीही एक समता होती. आमच्या लोकांच्या हॉटेलांचा हिशोबही इथे मांडायला हवा. तिथे जात विचारली जात नसे, पण बाईमाणसाला बसायला जागाही नसे. आमच्या आईने आयुष्यात हॉटेलातला पहिला चहा घेतला, तो इराण्याच्या पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मध्ये.

कल्याणच्या टिळक चौक भागातला खिडकी वडा आम्हाला असाच आवडत आला आहे. वझे कुटुंबाने राहत्या घराच्या खिडकीतून वडा विकायला सुरुवात केली आणि खिडकी हेच त्याचे नाव झाले. खिडकीसमोर सगळे उभे. कुणाला ‘बसा’ नाही आणि कुणाला ‘खाली उभा राहा’ही नाही.

तेव्हा आदराच्या दोन रीती होत्या. एक नाव ओळखून जिव्हाळा देणारी, दुसरी नाव न विचारता बरोबरी देणारी. पहिलीत ऊब होती आणि जाचही होता. दुसरीत दोन्ही नव्हते. आमच्या पिढीला दोन्ही रीतींचा लाभ झाला, आणि दोन्हींची परीक्षा कठीण काळात झाली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांतल्या कितीतरी जणांची चूल किराणावाल्याच्या उधारीवर पेटत राहिली. ती वही सावकारीची होती, हे खरे. पण त्या काळात तीच आधारही झाली. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल पेटली आणि कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत पसरली. आमच्या मोहल्ल्यात संचारबंदी होती. घरात तान्हे मूल आणि दुधाचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी मागल्या बोळातून किराणा शेठचा मुलगा आला. दूध पावडरचा डबा आणि पाच किलो तांदूळ ठेवून, दारातूनच “बाबा म्हणाले, वहीत लिहितो” एवढे सांगून गेला. ‘वहीत लिहितो’ या दोन शब्दांचा अर्थ वडिलांनी आम्हाला नंतर सांगितला. तुम्ही इथेच राहणार आहात, पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानात येणार आहात, असे शेठ म्हणत होते.

१९९२-९३ नंतर मात्र काहीतरी तुटले. मुंबईतून हजारो मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला आली. वस्त्या वेगळ्या झाल्या तसे बाजारही वेगळे झाले. ज्याच्या त्याच्या वस्तीत ज्याचे त्याचे दुकान. एका कापडाच्या दुकानात वडील सवयीने चपला काढू लागले, तेव्हा गादीवरच्या नव्या पिढीने उभ्यानेच विचारले, “काय पाहिजे?” वडिलांनी चपला पुन्हा पायात घातल्या, काही न बोलता बाहेर पडले. त्या दुकानाचे नाव आम्ही घेणार नाही. तसे प्रसंग आमच्या दुकानांतही दुसऱ्या कुणावर ओढवले असतील.

दरम्यान डोंबिवली वाढत होती. नोकरदारांच्या या शहरात सकाळची लोकल पकडणाऱ्या गिऱ्हाइकाला गप्पांना वेळ नव्हता. त्याला एकच भाव आणि नेमके माप हवे होते. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून महिन्याचे सामान घरपोच वाटायची रीत घातली. गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे निघाली आणि कामावरून परतणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या हक्काची गिऱ्हाईक झाली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. मापात मारले तर दाद मागता येऊ लागली. हे सारे चांगलेच झाले. ‘बसा’ न म्हटल्याबद्दल मात्र कोणत्याच मंचाकडे तक्रार करता येत नाही.

ठाण्यात २००९ साली कोरम, २०१३ साली विवियाना अशी मोठी मॉल उघडली. तिथे नाव कोणी विचारत नाही, दारात पिशवी तेवढी तपासतात. आम्हाला वाटले, इराण्याची रीत मोठ्या प्रमाणावर परत आली. पण मग मोबाइल आला आणि जेवण घेऊन येणाऱ्या मुलाचे नाव आधीच पडद्यावर दिसू लागले. २०१९ साली जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने आणणारा मुलगा मुसलमान आहे म्हणून मागवलेले जेवण नाकारले. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे लावण्याचा आदेश निघाला. २२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. नाव पुन्हा विचारले जात आहे, पण आता ते उधारीच्या पानासाठी नाही.

गेल्या वर्षी आम्ही त्या किराणा दुकानाच्या जागी गेलो. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. मागल्या बोळातून आलेला तो मुलगा आता साठीचा आहे, त्याचा मुलगा दुकान चालवतो. जुन्या वह्यांबद्दल विचारले, तर म्हणाला, घर बदलताना रद्दीत गेल्या. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आमच्या पेठांच्या आयात-निर्यातीचे आकडे आहेत. कोणी कोणाला बसवले, कोणाला पायरीखाली उभे केले आणि संचारबंदीत कोणाच्या पानावर काय लिहिले, हे त्यात नाही. ते त्या लाल वह्यांत होते. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशी एखादी वही, जुनी पाटी किंवा पावती असेल, तर ती रद्दीत घालू नका. आमच्या शहरांचा निम्मा इतिहास तिच्यात आहे.

आम्ही निघालो तेव्हा शेठच्या मुलाने दुकानातल्या पोराला हाक मारली. पोराने काउंटरमागून प्लॅस्टिकचे स्टूल आणले. “मास्तरांचे चिरंजीव आहेत,” शेठचा मुलगा त्याला म्हणाला, आणि मग आमच्याकडे वळून, “बसा.”