त्रिनिदादमधील दोन घरे

परमुलखात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांवरील कादंबऱ्यांची चर्चा निघाली, की धर्म किती टिकला, भाषा किती राहिली, हे हटकून विचारले जाते. आम्ही कामगार संघटनेत केस पिकवलेली माणसे. आमचा पहिला प्रश्न निराळा असतो. हे कुटुंब तिथे नेले कोणी, आणि कशासाठी?

त्रिनिदादचेच पाहू. या ब्रिटिश बेटावर गुलामगिरी १८३८ साली पुरती संपली. मोकळे झालेले आफ्रिकन मजूर वाजवी मजुरी मागू लागले. ती द्यावी लागू नये म्हणून ऊसमळ्यांचे मालक हिंदुस्थानकडे वळले. ३० मे १८४५ रोजी पहिले जहाज तिथे लागले. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागातली. करार पाच वर्षांचा. परवान्यावाचून मळा सोडला तर तुरुंग. एका जहाजातून आलेले एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत. पण आफ्रिकन मजुराशी त्यांचे जे वितुष्ट आले, त्याचे बी मजुरीच्या दरातच पेरलेले होते.

या इतिहासाच्या पोटी दोन कादंबऱ्या जन्मल्या. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’मध्ये (१९६१) मोहन बिस्वास हा ऊसमळ्यावरील मजुराचा मुलगा, तुळशी कुटुंबाचा घरजावई. त्या वाड्यात जावयांनी सासरच्या दुकानात, शेतात राबावे आणि मुकाट जेवावे. बिस्वासला स्वतःचे छप्पर हवे. अखेर मिळते ते कर्जाने गहाण पडलेले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो मरतो. तरी ही धडपड हसण्यावारी नेऊ नये. बराकीतल्या मजुराच्या वंशजाला स्वतःचा दरवाजा म्हणजे काय, हे बराकीत राहिलेल्यालाच कळेल.

मात्र त्या दरवाजातून आफ्रिकन शेजारी फारसा आत येत नाही. तो येतो सॅम्युएल सेल्व्हन यांच्या ‘अ ब्रायटर सन’मध्ये (१९५२). टायगर आणि उर्मिला हे कोवळे जोडपे बाराटारिया गावी बिऱ्हाड थाटते. शेजारी ज्यो आणि रीटा, आफ्रिकन वंशाचे. उर्मिलेच्या बाळंतपणाला धावते ती रीटा. टायगरच्या आईबापांना हा शेजार खपत नाही. पण अडल्या वेळी कोण आले, हे सुनेने अनुभवलेले असते.

हे केवळ कल्पनेतले नव्हे. जून १९३७ मध्ये उराया बटलर यांच्या पुढाकाराने तेलक्षेत्रात संप झाला आणि त्याचे लोण ऊसमळ्यांत पोचले. पुढे तेल कामगार, बहुतांशी आफ्रिकन, आणि ऊस कामगार, बहुतांशी हिंदी, या दोन्ही संघटनांचे अध्यक्ष एकच होते : हिंदी वंशाचे वकील ॲड्रियन कोला रिएन्झी. १९५६ च्या निवडणुकीपासून राजकारण पुन्हा वंशावर दुभंगले, हेही खरे. पण ज्या मजुरीने दोघांत भिंत घातली, तिच्याच मागणीने ती एकदा पाडली होती.

म्हणून, श्रोतेहो, संस्कृतींचा मेळ शोधायचा तर तो सणासमारंभांच्या वर्णनात शोधू नका. बाळंतिणीच्या खोलीत आणि संपाच्या सभेत कोण कोणाशेजारी होते, ते पाहा.