सूपमधले गोळे आणि मारिएत्ताचा वाटा

आज मी एक पाककृती घेऊन आले आहे. पण आधी तिचा इतिहास सांगते, मग कृती. वही-पेन हाताशी असू द्या.

पदार्थ इटलीचा आहे. भाज्या आणि कडधान्याचं गरम सूप, आणि त्यात सोडलेले बटाट्याचे मऊ गोळे. नाव परकं वाटेल, पण घराणं ओळखीचं आहे. आपण वरणात चकोल्या सोडतो, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करतो. कारण तेच. घरात माणसं जास्त, जिन्नस कमी, आणि एकाच पातेल्यात सगळ्यांचं पोट भरायचं. इटलीतल्या गरीब घरांतही हेच गणित होतं आणि ते बायकाच सोडवत होत्या.

इटलीच्या उत्तरेला डोंगराळ भाग आहे. तिथल्या शेतकरी घरांत पाव रोज भाजत नसत. भट्टी पेटवायची तर लाकूड जास्त लागायचं, म्हणून काही महिन्यांतून एकदाच खूप पाव भाजून ठेवायचे. तो वाळून दगडासारखा व्हायचा. टाकून देणं परवडणारं नव्हतं. मग बायका तो पाव बारीक करून दुधात भिजवायच्या, अंडं आणि कांदा घालून गोळे वळायच्या आणि पाण्यात किंवा सूपमध्ये शिजवायच्या. या गोळ्यांना तिकडे कानेदेर्ली म्हणतात. आप्पियानो गावाजवळच्या एका किल्ल्यात छोटं प्रार्थनाघर आहे. त्याच्या भिंतीवर साधारण सन 1200 च्या सुमाराचं येशूजन्माचं चित्र आहे. त्या चित्रात एका कोपऱ्यात चुलीजवळ बसलेली बाई भांड्यातले गोळे खाताना दिसते. आठशे वर्षं झाली, तिचं नाव कुणाला माहीत नाही. गोळे मात्र अजून घराघरात होतात.

रोमान्या नावाच्या भागात दुसरी पद्धत. वाळलेल्या पावाचा चुरा, किसलेलं चीज आणि अंडी एकत्र मळायची आणि भोकं असलेल्या साच्यातून उकळत्या सूपमध्ये पाडायची. आपण सोऱ्यातून शेव पाडतो ना, तसंच. त्याला पासातेल्ली म्हणतात.

आणि बटाटा? तो इटलीचा नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतलं ते पीक. स्पॅनिश लोकांनी ते युरोपात आणलं, पण इटलीतल्या सामान्य माणसाच्या ताटात रुळायला एकोणिसावं शतक उजाडलं. त्याआधी हे गोळे पावाचे नाहीतर नुसत्या पिठाचे असत. आपल्याकडे बटाटा आला तेव्हा नावही बरोबर आलं. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला.

अमेरिकेतून मकाही आला, आणि त्याची गोष्ट दुःखाची आहे. उत्तर इटलीतले गरीब शेतमजूर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नुसत्या मक्याच्या पिठावर जगू लागले. ते पीठ पाण्यात घोटून खायचे, बरोबर काही नाही. त्यातून पेलाग्रा नावाचा रोग पसरला. अंगाची कातडी फाटायची, जुलाब लागायचे, शेवटी माणूस भ्रमिष्ट व्हायचा. मक्यातलं एक जीवनसत्त्व आपल्या शरीराला सहज मिळत नाही, हे त्याचं मूळ. मेक्सिकोतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवत होत्या. त्याने ते जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपाने बी उचलून आणलं, पण ते शिजवणाऱ्या बायकांचं शहाणपण तिकडेच राहिलं. त्याची किंमत हजारो घरांनी मोजली. म्हणून म्हणते, चुलीपुढचं ज्ञान हे ज्ञानच असतं. ते हरवलं तर माणसं मरतात.

आता एका पुस्तकाकडे वळू. पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाचे एक रेशमाचे व्यापारी होते. जन्म 1820 चा, फोर्लिम्पोपोली गावचा, पुढे ते फ्लोरेन्स शहरात राहिले. व्यापारातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, म्हणून 1891 साली स्वतःच्या खर्चाने हजार प्रती छापल्या. गावच्या एका जत्रेतल्या सोडतीला त्यांनी दोन प्रती बक्षीस म्हणून दिल्या, तर ज्यांना त्या लागल्या त्यांनी त्या तंबाखूवाल्याला विकून टाकल्या! पण पुढे पुस्तक इटलीभर पोहोचलं. पहिल्या आवृत्तीत 475 कृती होत्या, 1911 पर्यंत त्या 790 झाल्या.

या कृती वाढल्या कशा? इटलीभरच्या गृहिणी आर्तुझींना पत्रं लिहून आपापल्या घरच्या कृती कळवत. त्या कृती त्यांच्या घरात करून पाहिल्या जात. करून पाहणारे दोघं होते : स्वयंपाकी फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि घरकाम करणारी मारिएत्ता साबातिनी. आर्तुझींनी एका गोड पावाला मारिएत्ताचं नाव दिलं आणि तिचं कौतुकही लिहिलं. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या आर्तुझींचंच.

पण 1911 मध्ये आर्तुझी वारले तेव्हा त्यांचं मृत्युपत्र उघडलं. त्यात पुस्तकाचे हक्क त्यांनी या दोघांना दिले होते. म्हणजे पुढे पुस्तक विकलं जाईल तसं उत्पन्न त्यांना. नुसतं ‘हाताला काय चव आहे गं’ असं म्हणून ते थांबले नाहीत, वाटा दिला. आज फोर्लिम्पोपोलीत आर्तुझींच्या नावाची संस्था आहे. तिथे हाताने पीठ मळायला आणि लाटायला शिकवणाऱ्या बायकांना ‘मारिएत्ता’ म्हणतात.

मैत्रिणींनो, हे मी आपल्यासाठी सांगते आहे. आमच्या भागातल्या एका गटाची शेंगदाण्याची चटणी एका दुकानदाराने घेतली. पुढच्या वर्षी तीच चटणी त्याच्या पाकिटात, त्याच्या नावाने दिसली. प्रमाण त्याने गटातल्या बाईलाच गप्पांच्या ओघात विचारून घेतलं होतं. लिहिलेलं काहीच नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर? प्रत्येक मालकाकडून आर्तुझींची अपेक्षा धरता येत नाही. आपला वाटा आपल्यालाच लिहून ठेवावा लागतो.

आता कृती. चार माणसांसाठी.

सूपसाठी : वाटीभर चवळी किंवा राजमा रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवा, पाणी फेकू नका. पातेल्यात दोन चमचे तेलात कांदा, लसूण परता. गाजर, दोन टोमॅटो, थोडा दुधी बारीक चिरून घाला. चवळी पाण्यासकट ओता, आणखी पाच-सहा वाट्या पाणी, मीठ आणि मिरी घाला. भाज्या शिजल्या की मूठभर पालक टाका. साय नको, लोणी नको. थोडी चवळी पळीने ठेचली की सूप आपोआप दाट होतं.

गोळ्यांसाठी : 400 ग्रॅम जुने बटाटे सालासकट उकडा. गरम असतानाच सोलून कुस्करा, गुठळी राहू देऊ नका. 150 ग्रॅम कणीक आणि मीठ घालून हलक्या हाताने मळा. आर्तुझींनी पिठाचं प्रमाण हेच दिलं आहे. एका बाईंनी पीठ कमी घातलं, त्यांनी पळी फिरवली तर पातेल्यात गोळेच नाहीत, सगळे विरघळले, असा किस्साही त्यांनी लिहिला आहे. म्हणून आधी एकच गोळा उकळत्या पाण्यात सोडून बघा. फुटला तर थोडी कणीक वाढवा. मग पिठाच्या लांब वळकट्या करून बोराएवढे तुकडे कापा आणि उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की झाले. झाऱ्याने काढून सूपमध्ये घाला आणि गरम गरम वाढा.

येत्या बैठकीला गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. प्रत्येकीने घरची एक कृती सांगायची : शेंगोळे, चकोल्या, चटणी, काहीही. जिन्नस वजनाने लिहायचे, खाली तारीख घालायची आणि जिने कृती सांगितली तिचं पूर्ण नाव लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिची कृती शेजारणीने लिहावी, पण नाव सांगणारीचंच. ते पान प्रत्येक बैठकीत पुढे वाढवत न्या.